दोन हजार अळ्या, सोळा मिलिसेकंद

कन्नड तालुक्यातल्या पिशोरमध्ये मामांचा कॉम्प्युटर क्लास आहे. एमएस-सीआयटीच्या बॅचेस घेणं हा पोटापाण्याचा उद्योग. जीव मात्र जडलाय तो सी भाषेवर. नव्वदच्या दशकात फ्लॉपीवरच्या टर्बो सीमध्ये ते ती शिकले. भाची छत्रपती संभाजीनगरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने एक मोबाइल गेम केलाय : मक्याचं शेत, रात्रीतून येणारी लष्करी अळी आणि पोंगा वाचवायला धडपडणारा खेळाडू. कन्नड तालुक्यात मका लावणाऱ्या कुणालाही या गेमचे नियम समजावून सांगावे लागणार नाहीत. सुटीत गावी आल्यावर तिने तो मामांच्या स्वस्तातल्या फोनवर टाकून दिला आणि वादाला तोंड फुटलं. गेमसाठी वेगवान भाषा कोणती, हा वाद तसा जुनाच. पण इथे दोघांकडे बोलण्यासारखं काही होतं, म्हणून तो जसाच्या तसा देतो आहे.

मामा : अळ्या पन्नास आहेत तोवर गेम झकास चालतो. पाचशे झाल्या की अडखळतो. दोन हजारांवर फोन तापतो आणि चित्र जागचं हलत नाही. कशात लिहिलास गं हा?

भाची : जीडीस्क्रिप्टमध्ये. गोडॉट इंजिनची स्वतःची भाषा आहे, दिसायला पायथनसारखी.

मामा : मग पुढचं बोलायलाच नको. सी++ मध्ये लिहिला असतास तर ही वेळ आली नसती.

भाची : का आली नसती, तेवढं सांगा. सी फास्ट आहे हे कॉलेजातही सगळे सांगतात. कशामुळे, ते कुणी सांगत नाही.

मामा : अ अधिक ब, एवढी बेरीज घे. सीमध्ये अ आणि ब पूर्णांक आहेत हे मी आधीच लिहून दिलेलं असतं. गेम फोनवर जाण्याआधीच कंपायलर त्या बेरजेची यंत्राच्या भाषेतली एक सूचना करून ठेवतो. प्रोसेसरने ती उचलायची आणि बेरीज करायची. तुझ्या भाषेत गेम चालू असताना दर वेळी चौकशी : अ काय आहे, आकडा की अक्षरं? ब काय आहे? दोघांची बेरीज होते का? एका बेरजेमागे डझनभर कामं. तीही एकदा नाही. दर फ्रेमला, दर अळीमागे.

भाची : जीडीस्क्रिप्टमध्येही प्रकार लिहून देता येतो, त्याने थोडं काम वाचतं. पण मुद्दा मान्य. फरक किती पट?

मामा : पोर्तुगालच्या संशोधकांनी २०१७ मध्ये २७ भाषा एका मापाने तपासल्या. सीला १ सेकंद लागतो असं धरलं, तर सी++ ला दीड, जावाला दोनच्या आत, सी शार्पला तीनच्या थोडं वर आणि पायथनला जवळजवळ ७२.

भाची : तो तक्ता मीही पाहिलाय. त्यात जावास्क्रिप्ट साडेसहा पट आणि टाइपस्क्रिप्ट ४६ पट. आता टाइपस्क्रिप्ट चालते कशी? तिच्यातले प्रकार पुसले जातात, उरते ती जावास्क्रिप्ट, आणि तीच चालते. मग तीच भाषा दुसऱ्या नावाने सातपट हळू कशी झाली? लिहिणारे वेगळे, लिहायच्या तऱ्हा वेगळ्या. तक्त्यावर नावं भाषांची आहेत, मोजलेत ते प्रोग्रॅम.

मामा : टाइपस्क्रिप्टचं सोड. ७२ पटींचा खड्डा लिहायच्या तऱ्हेने भरून निघत नाही.

भाची : नाही निघत. पण ते प्रोग्रॅम करतात काय? ग्रहांच्या कक्षा काढतात, मँडलब्रॉटची आकृती काढतात, आकड्यांचे क्रम उलटेपालटे करतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत निव्वळ हिशेब. गेमचं तसं नसतं. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची म्हणजे एका चित्राला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात बोट कुठं टेकलं ते बघायचं, अळ्या हलवायच्या, टक्कर तपासायची, आवाज द्यायचा आणि चित्र काढायचा हुकूम जीपीयूला द्यायचा. तिथं चालणाऱ्या शेडर प्रोग्रॅमची भाषा तिसरीच, ना तुमची ना माझी. आता माझी स्क्रिप्ट यातले दोनच मिलिसेकंद घेत असेल, तर तुमच्या सी++ ने ते शून्यावर आणले तरी वाचले किती? दोनच.

मामा : आणि बारा घेत असेल तर?

भाची : तर तुम्ही जिंकलात. बोलत कशाला बसायचं, मोजू या.

तिने फोन लॅपटॉपला जोडून गोडॉटचा प्रोफायलर सुरू केला. कोणत्या फंक्शनने फ्रेममधला किती वेळ घेतला, हे त्यात दिसतं. जवळजवळ सगळा वेळ एकाच फंक्शनच्या नावावर होता, आणि ते तिनेच लिहिलेलं होतं.

मामा : घे. खाल्ली ना तुझ्याच स्क्रिप्टने फ्रेम?

भाची : खाल्ली. पण ते फंक्शन करतंय काय, ते बघा. दोन अळ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून प्रत्येक जोडी तपासतंय. दोन हजार अळ्यांच्या १९,९९,००० जोड्या होतात. सेकंदाला ६० वेळा म्हणजे १२ कोटींच्या आसपास तपासण्या.

मामा : सी++ ला १२ कोटी जड नाहीत.

भाची : नसतील. पण अळ्या चार हजार केल्या तर जोड्या दुप्पट होत नाहीत, चौपट होतात. आठ हजारांवर सोळा पट. तुमच्या भाषेने दिलेली, समजा, पन्नास पट किती दिवस पुरणार? त्यापेक्षा शेताचे चौकोन पाडले आणि अळीने आपला चौकोन आणि भोवतालचे आठ एवढेच बघायचे ठरवलं, तर एका अळीला दहाएक शेजारणी भेटतात. एकूण तपासण्या वीस हजार. शंभरपट काम कमी, आणि भाषेला हात नाही लावला.

मामा : छान. हीच युक्ती मी सी++ मध्ये करीन. तुझ्या शंभरावर माझे पन्नास.

भाची : कराल, पण आधी सुचली पाहिजे. वेगवान भाषेत एक गोम आहे : वाईट रीत बरेच दिवस खपून जाते. जवळचंच उदाहरण देते. कन्नडहून घाट उतरलं की पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला. १२०७ सालचा शिलालेख आहे. त्याच भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त एक कोडं आहे : कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येतो?

मामा : सीमध्ये लूप लावायचा. एक, दोन, तीन... जमेल तिथं थांबायचं.

भाची : सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. म्हणजे साडेबावीस कोटींहून जास्त फेऱ्या. सीला एक-दोन सेकंद लागतील, पायथनला मिनिट-दोन मिनिटं. इथवर तुमचं खरं. भास्कराचार्यांनी मात्र ११५० मध्ये चक्रवाल पद्धतीने हे हातानं सोडवलं, मोजक्या पायऱ्यांत. चक्रवाल पायथनमध्ये लिहिलं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर. हेच ६१ चं कोडं फर्माने १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकलं होतं.

मामा : म्हणजे मंद भाषेने वेगवान भाषेला हरवलं, असंच ना तुझं?

भाची : पुढचंही ऐका. तुमच्या टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा. ६१ ने गुणायचं म्हटलं तर २३ च्या पुढे गेलात की आकडा त्यात मावत नाही. ३२ बिटांचा घेतलात तर ५,९३३ च्या पुढे मावत नाही. सी थांबत नाही आणि सांगतही नाही. भराभर चुकीचे आकडे देत राहते. पायथनचा पूर्णांक लागेल तेवढा वाढतो. तुम्ही ज्याला मंदपणा म्हणता, त्यातला थोडा या राखणीचा खर्च आहे.

मामा : त्याला ६४ बिटांचा इंट घ्यायचा, झालं. टर्बो सीवरून मला हसू नकोस, तिने माझं घर चालवलंय. आता माझं ऐक. चक्रवाल हे एका कोड्याचं भाग्य. गेममधल्या बहुतेक कामांना असा भास्कराचार्य भेटत नाही. दोन हजार अळ्या हलवायच्या म्हणजे दोन हजार वेळा हलवायच्या, त्यातून पळवाट नाही. चांगली रीत दोघांच्याही हातात आली की मग फरक कशाचा? भाषेचाच.

भाची : खरं आहे. पण तिथवर किती जण पोचतात? जीटीए ऑनलाइनचं उदाहरण घ्या. गेम उघडायला काही जणांना सहा मिनिटं लागायची, कित्येक वर्षं. २०२१ मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरने बाहेरूनच तपासलं. सुरुवातीला १० एमबीची एक यादी वाचली जात होती, ६३ हजारांच्या आसपास नोंदींची. दर नोंदीमागे उरलेल्या मजकुराची लांबी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा मोजली जात होती. वर प्रत्येक नवी नोंद आधीच्या सगळ्यांशी ताडून बघितली जात होती. त्याने एवढं दुरुस्त केलं आणि वेळ ७० टक्क्यांनी उतरला. कंपनीने ते मान्य केलं, १० हजार डॉलर बक्षीस दिलं. तो सगळा कोड वेगवान भाषेतलाच होता, मामा.

मामा : चूक माणसाची. भाषेला कशाला बोल?

भाची : थोडा भाषेलाही लागतो. सीमध्ये मजकुराची लांबी कुठं लिहून ठेवलेली नसते. शून्य सापडेपर्यंत चालत जायचं. पायथनमध्ये लांबी मजकुरासोबतच असते, विचारली की लगेच मिळते. सीच्या घडणीतच तो खड्डा आहे, आणि भलेभले त्यात पडलेत.

मामा : बरं. खड्डेच मोजायचे तर तुमच्याकडचे मोजू. जावा आणि सी शार्प या भाषा वापरून झालेली मेमरी स्वतःच गोळा करतात. लिहिणाऱ्याला आराम. पण ते गोळा करणं कधी सुरू होईल याचा नेम नसतो. नेमकं त्याच वेळी तीस-चाळीस मिलिसेकंद गेले तर दोन-तीन चित्रं बुडाली. सरासरी काढलीस तर गेम वेगवान. खेळणाऱ्याला मात्र झटका बसतो. गेममध्ये सरासरीला विचारतंय कोण? सर्वांत वाईट फ्रेम कोणती, ते बघतात.

भाची : हा तुमचा सगळ्यात पक्का मुद्दा. आणि तो तुमच्या त्या ७२ पटींच्या तक्त्यात कुठंच नाही, हेही बघा. त्यावर उपाय आहेत : गेममध्ये गोळी सुटली की नवी वस्तू बनवायची नाही, आधी बनवून ठेवलेलीच फिरवून वापरायची. युनिटीने २०१९ पासून मेमरी गोळा करायचं काम थोडं थोडं वाटून करायची सोय दिली. जीडीस्क्रिप्टमध्ये तर असा गोळा करणारा नाहीच. कोणती वस्तू किती जणांना हवीय याची मोजणी ठेवतात, आणि ती शून्यावर आली की जागा लगेच मोकळी होते.

मामा : उपाय आहेत, म्हणजे दुखणं आहे. माइनक्राफ्ट घे. २००९ मध्ये जावात सुरू झाला. फोनवर आणि कन्सोलवर न्यायचा म्हटल्यावर बेडरॉक आवृत्ती सी++ मध्ये लिहावी लागली.

भाची : आणि तिथवर पोचायच्या आधी तो जावातच जगभर पोचला होता ना? जावात होता म्हणून लोकांना तो उघडून बघता आला, हजारो मॉड निघाले. पुढं २०२३ पर्यंत सगळ्या आवृत्त्या मिळून ३० कोटींवर प्रती खपल्या. गेम हळू असल्याने मरतो त्यापेक्षा अर्धवट राहून जास्त मरतो, मामा. माझ्या वर्गातले निम्मे जण सी++ मध्ये स्वतःचं इंजिन लिहायला बसलेत. एकाचाही गेम कुणाच्या फोनवर नाही.

मामा : हा टोला बसला. पण एक गोष्ट तू टाळतेयस : मेमरीची. प्रोसेसरजवळची कॅश म्हणजे घरातला माठ आणि मुख्य मेमरी म्हणजे मळ्यातली विहीर. सीमध्ये दोन हजार अळ्यांच्या जागा मी एकापुढे एक मांडतो. एका खेपेत पुढच्या कितीतरी अळ्यांचे आकडे घरात येतात. पायथनच्या यादीत अळी नसतेच, ती कुठं ठेवलीय त्याचा पत्ता असतो. दर अळीमागे विहिरीची खेप. ही मांडणी जी भाषा हातात देते ती वेगवान. कंपायलरइतकंच हे महत्त्वाचं.

भाची : म्हणजे वेग मांडणीचा.

मामा : मांडणीचाच. पण ती करू देते ती भाषा! तुझ्या चौकोनांच्या युक्तीला भाषेची परवानगी लागली नाही; माझ्या मांडणीला लागते.

भाची : हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. तरी एक सूट द्या : पॅक्ड ॲरे नावाचा प्रकार गोडॉटमध्येही आहे, आकडे सलग ठेवणारा. पायथनमध्ये नमपाय आहे.

मामा : आणि त्यांच्या पोटात काय आहे? नमपायच्या पोटात सी, गोडॉटच्या पोटात सी++.

भाची : माझं म्हणणंच ते आहे! अख्खा गेम एका भाषेत असतो हे आपण गृहीत धरून भांडतोय. युनिटीत वर सी शार्प, खाली सी++. शिवाय सी शार्पचं सी++ मध्ये रूपांतर करून मग गेम फोनसाठी बांधायची सोय आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये खेळणाऱ्यांना बदल करायला लुआ दिली, ब्राझीलच्या विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेली. वरचा थर रोज बदलतो, तो सोप्या भाषेत. खालचा क्वचित बदलतो, तो वेगवान भाषेत.

मामा : अनरियलने चौथ्या आवृत्तीत स्वतःची स्क्रिप्टची भाषा काढून टाकली आणि कारभार सी++ वर आणला, हे विसरलीस?

भाची : आणि त्याच आवृत्तीत ब्लूप्रिंट दिलं, चौकटी जोडून गेमचे नियम लिहायला. एक सोपी भाषा काढली आणि जागेवर तिच्याहून सोपी आणली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या छोट्या टीमने ‘राजी’ त्याच अनरियलवर केला आणि २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आणला. त्यांनी इंजिन लिहायला घेतलं असतं तर राजी आपल्याला दिसली असती का?

मामा : नसती. पण मग अनरियल लिहिणारा कुणीतरी लागला ना? तो माझ्या पंगतीतला.

भाची : त्याच्याशिवाय माझं पानही हलत नाही, कबूल. आता गावातलंच बघा. पोरं खेळतात काय? फ्री फायर मॅक्स आणि बीजीएमआय. बीजीएमआय अनरियलवर, म्हणजे तुमच्या सी++ वर. फ्री फायर युनिटीवर, सी शार्पवाला. स्वस्तातल्या फोनवर कोणता चालतो?

मामा : फ्री फायर. क्लासमधली पोरं लपूनछपून तोच खेळतात.

भाची : मग भाषेचा क्रम इथं उलटा कसा पडला?

मामा : उलटा पडलेला नाही. फ्री फायरमध्ये एका सामन्यात पन्नासएक खेळाडू, बीजीएमआयमध्ये शंभर. नकाशा लहान, झाडं-घरं साधी. काम कमी घेतलं म्हणून वेळ कमी लागला. यावरून सी शार्प जिंकली म्हणशील तर त्या टाइपस्क्रिप्टवाल्या तक्त्याचीच चूक तू करतेयस.

भाची : पकडलंत. भाषा जिंकली असं नाही म्हणत. स्वस्त फोन समोर ठेवून कुणीतरी काम कमी केलं, एवढं म्हणते.

मामा : त्या स्वस्त फोनचं आणखी एक सांगतो. मे महिन्यात इथं पारा चाळिशीच्या पुढे असतो. फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. एसीतल्या लॅपटॉपवर सोळा मिलिसेकंदांत बसलेला गेम इथं दुपारी बसत नाही. त्याच कामाला कमी सूचना लागल्या तर फोन कमी तापतो, बॅटरी टिकते. गावाकडच्या खेळणाऱ्यासाठी वेगवान भाषा ही चैन नाही.

भाची : हे मी कधी मोजलंच नाही. माझं सगळं मोजमाप होस्टेलवरच्या लॅपटॉपवर.

बोलता बोलता तिने चौकोनांची युक्ती लिहून काढली होती. जोड्यांचं फंक्शन प्रोफायलरच्या यादीत पार खाली गेलं. गेम हलू लागला, पण अजून अडखळत होता. आता वरती होतं दुसरंच : दर फ्रेमला प्रत्येक अळीची स्वतःची स्क्रिप्ट इंजिन वेगळी हाकारत होतं. दोन हजार अळ्या, दोन हजार हाका.

मामा : हे मात्र भाषेचं ओझं. आता बोल.

भाची : भाषेचंच. अळ्यांच्या दोन हजार स्क्रिप्ट काढून एकच ठेवते. ती सगळ्यांच्या जागा सलग ॲरेमध्ये ठेवील आणि एका लूपमध्ये हलवील. तुमच्या माठाजवळ जमेल तेवढं जाते.

तेही तिने केलं. मग यादीत चित्र काढायचं काम वर आलं. दोन हजार अळ्या एकेक करून न काढता मल्टिमेशने एकगठ्ठा काढायला सांगितल्यावर तेही उतरलं आणि मामांच्या फोनवर शेत हलू लागलं.

मामा : तीन अडथळे निघाले. पहिला रीतीचा, तो तुझा. दुसरा भाषेचा, तो माझा.

भाची : आणि तिसरा आपल्या दोघांचाही नाही, जीपीयूला द्यायच्या हुकमांचा. गेम एकच होता. सकाळी विचारलं असतं तर भाषेने फारसा फरक पडणार नाही असं खरं उत्तर आलं असतं. तासाभराने विचारलं असतं तर भाषेनेच अडवलंय, हेही खरं. अमुक भाषा गेमसाठी वेगवान आहे का, हा प्रश्न अख्ख्या गेमला विचारायचाच नाही. आत्ता फ्रेम कुठं अडलीय, तेवढ्या जागेला विचारायचा.

मामा : पण दोन हजारांवर थांबू नकोस. खरी अळी दोन हजारांवर थांबत नाही. वीस हजार केल्यास तर चौकोन पाडून, सलग मांडूनही तुझ्या स्क्रिप्टचा लूप सोळा मिलिसेकंदांत बसायचा नाही. तिथं युक्त्या संपतात आणि माझी भाषा सुरू होते.

भाची : त्याची सोय आहे. जीडीएक्सटेन्शनने सी++ चा तुकडा गोडॉटला जोडता येतो. अळ्यांची चाल तेवढी तुमच्या भाषेत काढू. नियम, गुण, आवाज, पुढच्या पातळ्या माझ्या भाषेत राहू द्या.

मामा : चालेल. एक अट : मोजायचं माझ्या फोनवर, भर दुपारी.

भाची : माझीही एक. मोजून फरक दिसला नाही तर?

मामा : तर तुकडा काढून टाकायचा. गरज नसलेली सी++ सांभाळत बसणं माझ्यानेही होत नाही.